पदवीची चाळणी
प्रोग्रामरच्या भरतीत कोड लिहिण्याची परीक्षा घेतली जात असली, तरी भारतातील अनेक मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या कॅम्पस भरतीत, म्हणजे महाविद्यालयांतून होणाऱ्या निवडीत, दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर ६० टक्के गुणांची अट आधी लावत आल्या आहेत. त्यामुळे हुशार विद्यार्थीही परीक्षेपर्यंत पोहोचत नाही, हे अन्यायाचेच आहे. अशीच चाळणी परदेशातील नोकरीसाठीही आहे; अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी, म्हणजे विशेष कौशल्याच्या नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यासाठी, पदवी किंवा तिची समकक्षता लागते. तेथे संबंधित कामाचा ३ वर्षांचा अनुभव महाविद्यालयीन शिक्षणाच्या १ वर्षाइतका धरला जात असल्याने पदवी नसलेल्याला साधारण १२ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. याउलट एचसीएल या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीच्या ‘टेकबी’ कार्यक्रमात बारावीनंतरच प्रशिक्षण आणि नोकरी मिळते व पदवीचे शिक्षण नोकरी सांभाळून घेता येते.