तीन चाकांवरची गॅलरी

फोटो-पत्रकारितेच्या महोत्सवावर लेख हवा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात फ्रान्समधलं पर्पिन्याँ होतं. तिथे १९८९ पासून ‘व्हिसा पूर लिमाज’ भरतो आणि उन्हाळा सरता सरता जगभरचे वृत्तछायाचित्रकार त्या गावात जमतात. मी ढाक्याचं नाव पुढे केलं. कारण होतं एक सायकल-व्हॅन.

पुढे खोगीर आणि हँडल, मागे दोन चाकांवर फळ्या ठोकलेला सपाट ओटा. गिअर नाही, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला. एरवी या व्हॅनवरून कोबीची पोती, विटा, कुणाच्या घराचं लोखंडी कपाट असं काहीही जातं. ‘छबी मेला’ या इथल्या छायाचित्र-महोत्सवाच्या दिवसांत अशाच काही व्हॅनवर उभी चौकट बसवतात, तिला मोठे फोटो जडवतात आणि प्रदर्शन शहरात सोडून देतात. बाजारात, शाळेपुढे, पोरं फुटबॉल खेळतात त्या मैदानाच्या कडेला.

महोत्सवाचा रीतसर इतिहास थोडक्यात सांगता येतो. लंडनमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले शहीदुल आलम १९८४ मध्ये ढाक्याला परतले आणि कॅमेऱ्याकडे वळले. १९८९ मध्ये त्यांनी ‘दृक’ ही छायाचित्रसंस्था उभी केली, १९९८ मध्ये ‘पाठशाला’ हे छायाचित्रणाचं विद्यालय. पाठोपाठ २००० च्या उंबरठ्यावर पहिला छबी मेला भरला आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी भरत राहिला. प्रत्येक वेळी एक सूत्र: भेद, वगळणं, प्रतिकार, सीमा, स्वातंत्र्य. आपल्या देशांचे फोटो पश्चिमेच्या वृत्तसंस्थांनी काढायचे, निवडायचे आणि आपण ते मासिकांत बघायचे, हा शिरस्ता आलम यांना मोडायचा होता. पाठशालेतून पुढे मुनेम वासिफ, सरकार प्रतीक यांच्यासारखे छायाचित्रकार तयार झाले. राणा प्लाझा ही इमारत २०१३ मध्ये कोसळून अकराशेच्या वर कामगार मेले. ढिगाऱ्यात मिठीत गेलेल्या दोघांचा तेव्हाचा जगभर पोचलेला फोटो तस्लिमा अख्तर यांचा, त्याही पाठशालेच्याच.

पण मला राहून राहून कुतूहल वाटतं ते व्हॅनचं. गॅलरीत जायचं म्हणजे पायरी चढायची, दारावरच्या माणसाची नजर झेलायची, आत हळू बोलायचं. व्हॅनपुढे यातलं काहीच नाही. भाजीवाला मिरच्या निवडता निवडता बघतो, पटलं तर जवळ येतो, नाही तर पाठ फिरवतो. फोटोचा अर्थ विचारायला समोर क्युरेटर नसतो, व्हॅन ओढणारा असतो.

त्यामुळे फोटोचीही कसोटी लागते. बाहेर ऊन, धूळ, हॉर्नचा कलकलाट. खालची ओळ कुणी वाचेलच असं नाही. दहा हातांवरून, चालता चालता जो फोटो कळतो तोच इथे टिकतो. गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर, नेमक्या दिव्याखाली भारदस्त दिसणारं पुष्कळ काही या गाडीवर फिकं पडत असणार. महोत्सव भरवणाऱ्यांनी ही परीक्षा आपण होऊन ओढवून घेतली, याचं मला अप्रूप वाटतं.

त्यात शहरही असं की रस्त्यावर चित्र बघायची सवय लोकांना आधीपासून आहे. ढाक्याच्या रिक्षांच्या पाठीवर सिनेनट, मोर, वाघ, विमानं, नदीकाठची गावं भडक रंगांत रंगवलेली असतात. २०२३ मध्ये युनेस्कोने ही रिक्षा आणि तिच्यावरची चित्रकला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. जिथे चित्र रोज चाकांवरून समोर येतं, तिथे फोटोही तसाच आला तर कुणाला नवल वाटत नाही.

आणि फोटो एका जागी अडकून न पडणं ही इथे नुसती हौस राहिलेली नाही. पहिल्याच मेळ्यात १९७१ च्या मुक्तिसंग्रामावरचं ‘द वॉर वी फरगॉट’ हे प्रदर्शन राष्ट्रीय संग्रहालयात लागायचं होतं. प्रदर्शनातले काही फोटो काढा, असं संग्रहालयाने सांगितलं. आलम यांनी एकही काढला नाही. अख्खं प्रदर्शन उचलून दृकच्या गॅलरीत नेलं.

२००९ मध्ये दृकमधलं तिबेटवरचं प्रदर्शन पोलिसांनी बंद पाडलं. २०१० च्या मार्चमध्ये आलम यांचं स्वतःचं ‘क्रॉसफायर’ लागायचं होतं. आपल्याकडे पोलिसांची पत्रकं ज्याला चकमक म्हणतात, तशा हत्यांवरचं हे काम. त्यात मृतदेह नव्हते. माणसं मारली गेली त्या प्रकारच्या जागा होत्या, रात्रीच्या अंधारात उजेड टाकून टिपलेल्या. पोलिसांनी गॅलरीचं दार अडवलं. उद्घाटनाला कोलकात्याहून महाश्वेता देवी आल्या होत्या. त्यांनी बाहेर रस्त्यावरच प्रदर्शन खुलं झाल्याचं जाहीर केलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा पोलीस हटले.

मग २०१८. रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंमुळे चिडून उतरलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो आलम काढत होते. अल जझीराला त्यांनी सरकारवर टीका करणारी मुलाखत दिली आणि ५ ऑगस्टच्या रात्री त्यांना धानमंडीतल्या घरातून उचलून नेण्यात आलं. १०७ दिवस ते तुरुंगात होते. एकाहत्तरच्या युद्धातल्या कामासाठी बांगलादेशने ज्यांचा सन्मान केला होता, त्या भारतीय छायाचित्रकार रघु राय यांनी तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांना जाहीर पत्र लिहून आलम यांच्या सुटकेची विनंती केली.

सुटकेनंतर काही महिन्यांतच दहावा मेळा भरला. मुख्य प्रदर्शन दृकच्या अर्धवट बांधलेल्या नव्या इमारतीत होतं. अरुंधती रॉय आणि आलम यांच्या जाहीर संवादाला दिलेली परवानगी पोलिसांनी ‘अपरिहार्य कारणां’खाली ऐनवेळी मागे घेतली. कार्यक्रम दुसऱ्या सभागृहात हलवून पार पाडला.

या साऱ्याची दंतकथा व्हायला वेळ लागत नाही. दार बंद झालं की रस्ता आहेच, असं म्हणायला बरं वाटतं. पण ऐनवेळी जागा बदलणं म्हणजे दुसऱ्यांदा भाडं, नव्याने लाकूडकाम, वाया गेलेली पत्रकं, रात्रभर खिळे ठोकणारी पाठशालेची पोरं. पुढच्या वेळी सभागृहाचा मालक आधीच नाही म्हणतो, हा खर्च तर कुठल्याच हिशेबात येत नाही. दोन वर्षांचं अंतरही टिकलेलं नाही. २०२१ मध्ये महासाथीमुळे ‘शून्य’ नावाची छोटी आवृत्ती झाली आणि त्यानंतरचा मेळा थेट २०२५ च्या जानेवारीत भरला.

मधल्या काळात देश पालटला होता. आलम यांच्या अटकेला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, ५ ऑगस्ट २०२४ ला, विद्यार्थ्यांच्या उठावापुढे हसीना देश सोडून गेल्या. आता सगळं सुरळीत होईल असं मानणाऱ्यांनी जरा थांबावं. सरकार विरोधात असतं तेव्हा जोखीम मोठी असते, पण कोणता फोटो लावायचा याबद्दल मनात गोंधळ नसतो. ज्या पोरांचे फोटो गोळीबारात उभं राहून काढले, त्यांच्यापैकी काही पुढे सत्तेच्या आसपास वावरू लागली. उद्या त्यांनाच झोंबेल असा फोटो समोर येईल. तो लावू नका म्हणून सांगायला पोलीस येणार नाहीत, मित्र येतील. पोलिसांना नाही म्हणायचा सराव छबी मेल्याला आहे. मित्रांना नाही म्हणायचा सराव मात्र कुठलीच पाठशाला देत नाही.