जंगलातलं एक सत्र

बारावी सायन्सनंतर जंगलात काम करायचंय? मग वनविद्येची बीएस्सी बघाच. चार वर्षांची ही पदवी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि कोकणात दापोलीला मिळते. त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे शेवटच्या वर्षातला कार्यानुभव. मुलं वनपरिक्षेत्रात जातात, जंगलालगतच्या गावात राहून घरोघरी सर्वेक्षण करतात, लाकूड उद्योग आणि संशोधन संस्थांतलं काम शिकतात. प्रथमोपचाराचं प्रशिक्षणही असतं.

हा अनुभव का हवा? उदाहरणार्थ, झाडाची गोलाई जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात, हे पुस्तकात एका ओळीत संपतं. उतारावरच्या वाकड्या सागाला टेप लावताना मात्र नेमकी कुठून मोजायची, हे हाताला कळावं लागतं. आणि ते शिकवायला बीटावरच्या वनरक्षकासारखा गुरू नाही!

आपल्या नागपूरकरांना तर हे सगळं जवळ आहे. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय इथेच, १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाचं मुख्य कार्यालयही इथेच, शिवाय गोरेवाड्याचं जंगल शहराला लागून आणि पेंचचं जिल्ह्यातच. प्रवेशाआधी एखाद्या रविवारी मुलांना गोरेवाड्यात पायी फिरवून आणा.