दहावी-बारावीच्या फॉर्मचा फोटो : गोरा नको, तुमच्यासारखा हवा

गेल्या वर्षी माझ्या पुतणीला परीक्षा केंद्राच्या गेटवर दहा मिनिटं बाजूला उभं केलं होतं. कागदपत्रं बरोबर, आधार बरोबर, वेळेआधी पोचलेली. अडचण एकच, प्रवेशपत्रावरच्या फोटोतली मुलगी तिच्यासारखी दिसत नव्हती. ज्या स्टुडिओत फोटो काढला तिथल्या मुलाने कौतुकाने तिला चांगलं उजळ केलं आणि डाव्या गालावरचा तीळ पुसून टाकला. आम्हा घरच्यांनाही फोटो हातात आल्यावर "छान आलाय" असंच वाटलं होतं. शेवटी आधार दोनदा तपासून आत सोडलं, पण पोरीचा जीव अर्धा झाला. पहिली पंधरा मिनिटं पेपरात लक्षच लागलं नाही म्हणाली.

म्हणून हे लिहितोय. दिवाळीच्या आगेमागे, आपली भाताची कापणी-झोडणी चालू असते तेव्हाच शाळेत बोर्डाच्या फॉर्मची गडबड असते. त्याच्या पाठोपाठ नीट, जेईई, सीईटीचे फॉर्म. प्रत्येक ठिकाणी फोटो लागतो, आणि आपण तो शेवटच्या दिवशी काढतो.

हा फोटो घरात लावायचा नाही, तो ओळख पटवायला आहे हे आधी डोक्यात घ्या. परीक्षेच्या गेटवर तो तुमच्या तोंडाशी ताडतात, आधारवरच्या फोटोशी ताडतात, पुढे प्रवेशाच्या वेळी पुन्हा बघतात. त्यामुळे तीळ, व्रण, जन्मखूण पुसायची नाही. रंग उजळायचा नाही. मोबाईलमधला ब्युटी मोड बंद करा. काही फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि आपल्याला कळतही नाही. स्टुडिओवाल्याला बसायच्या आधीच सांगा, "दादा, काही साफ करू नका, आहे तसाच द्या." नीटच्या माहितीपत्रकात तर कॉम्प्युटरवर बनवलेला किंवा चेहरा बदललेला फोटो दिसला तर अर्ज नाकारला जाईल अशी सूचना असते. रोज चष्मा लावणाऱ्याला चष्मा चालतो, पण काचेवर लाईट चमकता कामा नये. टोपी आणि गॉगल चालत नाही.

नीटला पांढरी पार्श्वभूमी आणि चेहरा ८० टक्के, कानांसकट दिसलेला लागतो. मुलींनी केस कानामागे घ्यावेत. हिजाब किंवा ओढणी असेल तर कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा मोकळा ठेवा, आणि कान दिसावेत असं लिहिलेल्या परीक्षेचं शाळेत आधीच विचारून घ्या. नियम दर वर्षी थोडे हलतात, त्यामुळे त्याच वर्षीचं माहितीपत्रक उघडून वाचा. गेल्या वर्षी दादाने कसं केलं त्यावर जाऊ नका.

आता कपड्यांचं. आपल्याकडे बऱ्याच शाळांचा शर्ट पांढरा. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा शर्ट घालून बसलात तर खांदे भिंतीत मिसळतात आणि नुसतं डोकं तरंगतंय असं दिसतं. शाळेने गणवेशच सांगितला असेल तर प्रश्न नाही. नाहीतर निळा, मरून, हिरवा, कुठलाही गडद साधा रंग. आपल्या किनाऱ्यावर दमटपणा एवढा की एसटीतून उतरेपर्यंत तोंड तेलकट होतं. स्टुडिओत गेल्या गेल्या खुर्चीवर बसू नका. तोंड धुवा, पुसा, पाच मिनिटं पंख्याखाली थांबा. पावडरचे थर नकोत, फ्लॅशमध्ये ते राखेसारखे दिसतात.

घरी मोबाईलवर काढणार असाल तर वाडीत काढू नका. नारळी-पोफळीच्या सावलीत उजेड हिरवट असतो आणि तोच चेहऱ्यावर उतरतो. अंगणात भर उन्हातही नको, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. सगळ्यात चांगली जागा म्हणजे पडवी. सकाळी नऊ-दहाला उघड्या बाजूकडे तोंड करून उभं राहायचं. मागे पांढरी भिंत, नसेल तर इस्त्री केलेली पांढरी चादर, आणि तिच्यापासून दोन फूट पुढे, म्हणजे सावली मागे पडत नाही. फोटो दुसऱ्याने काढायचा, चार-पाच फुटांवरून, फोन डोळ्यांच्या उंचीला धरून. सेल्फी नकोच. जवळून काढल्यामुळे नाक मोठं दिसतं, आणि पुष्कळ फोनमध्ये सेल्फी उलटी सेव्ह होते. भांग डावीकडचा उजवीकडे जातो.

खरा घोळ त्यापुढे होतो. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा. नीटच्या फॉर्मला पासपोर्ट फोटो १० ते २०० केबीत लागतो आणि एक एमबी म्हणजे १०२४ केबी. मग आपण तो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, तिथून स्क्रीनशॉट घेतो, पुन्हा कापतो, आणि शेवटी चेहऱ्याचा चिखल होतो. फोटो पाठवायचाच असेल तर व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, तसा तो दबत नाही. आधी कापा, मग केबी कमी करा, आणि मूळ फोटोला हात लावू नका. तो ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. कागदी फोटोचा मोबाईलने फोटो काढून अपलोड करणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार, चकाकी येते आणि चेहरा वाकडा होतो.

एकाच फोटोच्या प्रती जास्त काढून ठेवा. साधा पासपोर्ट फोटो ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर. नीटवाल्यांना ४ बाय ६ इंचाचा पोस्टकार्ड फोटोही लागतो. त्यांच्या माहितीपत्रकात सहा-आठ पासपोर्ट आणि चार-सहा पोस्टकार्ड फोटो काढून ठेवायला सांगितलेलं असतं. परीक्षेला न्यायचा फोटो फॉर्मवरचाच असावा. मध्ये मिशी फुटली, केस कापले तरी नवा काढून नेऊ नका.

पालकांनी आणखी एक बघावं. पोराच्या आधारवर अजून बालवाडीतलं तोंड आहे का? पाच वर्षं आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आधारमध्ये बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने देणं बंधनकारक आहे. पंधरा ते सतरा वयात ते मोफत होतं. दहावीची दिवाळीची सुट्टी त्यासाठी बरी, जानेवारीत सगळ्यांनाच आठवतं.

राहिला निरोप समारंभाचा फोटो. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक मुलाचा असा खास फोटो काढायची जुनी रीत आहे, कपडे आणि जागा ठरवून. आपल्याकडे आईची साडी, भावाचा कुर्ता आणि शाळेच्या पायऱ्यांवरचा ग्रुप फोटो. तिथे काय हवं ते करा, गजरा माळा, गॉगल लावा, फिल्टरही लावा. फक्त तो फोटो फॉर्मला वापरू नका, दर वर्षी कोणीतरी वापरतोच. आणि ग्रुप फोटोची एक तरी कागदी प्रत काढून मागे सगळ्यांची नावं लिहा. माझा दहावीचा फोटो आहे, मागच्या रांगेतल्या तिघांची नावं आता कोणालाच आठवत नाहीत.

एवढं करूनही बोर्डाच्या प्रवेशपत्रावर फोटो चुकीचा किंवा अंधुक आला तर घाबरून वाशीला, मुंबई विभागीय मंडळात, धावू नका. मंडळाच्या सूचनेप्रमाणे सदोष फोटोवर विद्यार्थ्याचा फोटो चिकटवून मुख्याध्यापकांनी शिक्का मारून सही करायची असते. प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी घरी नीट बघा आणि दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन शाळेत जा.