दिनेरियस

प्राचीन रोमचे प्रमुख चांदीचे नाणे. दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या काळात, इ. स. पू. सु. २११ मध्ये, ते प्रचारात आले व सु. साडेचार शतके रोमन चलनाचा आधार ठरले. आरंभी त्याचे मूल्य १० आस (ब्राँझची नाणी) एवढे असल्याने त्यास ‘दहाचे’ या अर्थाचे हे नाव मिळाले. त्याचे वजन सु. ४·५ ग्रॅ. होते, पुढे ते सु. ३·९ ग्रॅ. झाले.

सर्वांत जुन्या नाण्यांवर एका बाजूस पंखयुक्त शिरस्त्राण घातलेल्या रोमा देवतेचे मस्तक व दहाचा रोमन अंक आणि दुसऱ्या बाजूस कॅस्टर व पॉलक्स हे अश्वारूढ जुळे देव आढळतात. इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून टांकसाळीचे अधिकारी आपल्या कुळाची व पूर्वजांची कीर्ती नाण्यांवर कोरवू लागले. इ. स. पू. ५४ मध्ये मार्कस ब्रूटसने स्वातंत्र्यदेवता आणि रोममधील राजसत्ता उलथून टाकणारा आपला मानलेला पूर्वज यांच्या आकृती उमटविल्या. तथापि हयात व्यक्तीची प्रतिमा रोमच्या नाण्यावर येत नसे. हा संकेत इ. स. पू. ४४ मध्ये जूलियस सीझरच्या मुखवट्याने मोडला. त्याच्या वधानंतर खुद्द ब्रूटसनेही आपलाच मुखवटा असलेले नाणे काढले. त्याच्या मागील बाजूस दोन खंजीर व त्यांमध्ये मुक्त गुलामाची टोपी आहे. प्रजासत्ताकाच्या कैवाऱ्यालाही स्वतःची प्रतिमा टाळता आली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ऑगस्टसपासून सम्राटाचा मुखवटा रूढच झाला.

मुखवटा टिकला, पण चांदी घटत गेली. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास वजन व शुद्धता कमी केली. सेप्टिमिअस सिव्हीरसच्या काळी निम्मीच चांदी उरली. २१५ मध्ये काराकालाने किरणमुकुटधारी प्रतिमेचे नवे नाणे काढल्यावर दिनेरियस मागे पडले व तिसऱ्या शतकाच्या मध्यास त्याची नियमित पाडणी थांबली.

ऑगस्टस व टायबीरिअस यांची ही नाणी दक्षिण भारतात, विशेषतः कोईमतूर परिसरात, विपुल सापडली आहेत. भडोच येथे रोमन नाणी स्थानिक चलनाशी बदलून नफा मिळे, असा उल्लेख पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. संस्कृतमधील ‘दीनार’ हा शब्द याच नावावरून आला. भारतात मात्र तो सोन्याच्या नाण्यास लावला गेला.