शुभ तारे, अशुभ तारे

‘मुलगी मंगळाची आहे’ या तीन शब्दांनी जुळत आलेले लग्न मोडते, हे दुसरबीडच्या श्रोत्यांस सांगावयास नको. मूळ नक्षत्रावर जन्मलेली सासऱ्यास वाईट, आश्लेषेवरची सासूस, ज्येष्ठेवरची थोरल्या दिरास, अशीही समजूत आहे. एकदा हा शिक्का बसला की मुलीचे शिक्षण, स्वभाव, प्रकृती कोणी विचारीत नाही. तेव्हा ही शुभाशुभता येते कोठून, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम मंगळ घेऊ. कुंडलीची स्थाने बारा. त्यांपैकी पहिले, चौथे, सातवे, आठवे व बारावे यांत मंगळ असला की आपल्याकडे दोष मानतात. बारांपैकी पाच स्थाने म्हणजे ढोबळ हिशेबाने शंभरांतील ४२ माणसे मंगळाची ठरली! दक्षिणेत दुसरे स्थानही धरतात. म्हणजे बुलढाण्यात निर्दोष असलेली मुलगी तिकडे सदोष ठरू शकते. मंगळ मात्र दोहींकडे एकच. मूळ नक्षत्राचेही तसेच. हे वृश्चिकाच्या नांगीतील तारे. चंद्र सत्तावीस नक्षत्रांतून फिरताना दर महिन्यास सुमारे एक दिवस येथे असतो. त्या दिवशी जगात जन्मलेल्या सर्व मुलींचे सासरे एकाच संकटात असतात, असे मानावे लागेल.

हा प्रकार केवळ आपलाच नव्हे. कोरियात ‘साजू’ नावाची पद्धत आहे. जन्माचे वर्ष, महिना, दिवस व वेळ हे तिचे चार खांब. प्रत्येकाची दोन अक्षरे, अशी एकूण आठ. या अक्षरांच्या मेळावरून शुभ-अशुभ ‘तारे’ काढतात. वस्तुतः हे तारे आकाशात शोधावयाचे नसतात. त्यांत एक टपालाच्या घोड्याचा तारा आहे. तो ज्याच्या वाट्यास येई, त्याच्या नशिबी वणवण आहे असे पूर्वी म्हणत. आता परदेशी नोकरीस मान आला, तेव्हा तोच तारा पुष्कळांना भाग्याचा वाटू लागला. अक्षरे तीच राहिली. लोकांची गरज पालटली.

परंतु समजूत खोटी असली तरी तिचे परिणाम खरे असतात. जपानात साठ वर्षांनी येणाऱ्या ‘अग्नि-अश्व’ वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याचे आयुष्य कमी करते, असा समज आहे. १९६५ मध्ये तेथे सुमारे १८ लक्ष २४ हजार मुले जन्मली. १९६६ हे अग्नि-अश्व वर्ष, त्या वर्षी १३ लक्ष ६१ हजार. पुढील वर्षी आकडा पुन्हा १९ लक्षांवर गेला. आकाशात काही घडले नव्हते. आईबापांनी भीतीपोटी पाळणा लांबविला होता.

मग कुंडलीत काहीच कळत नाही काय? डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात याची परीक्षा घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमविल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगितले. बरोबर उत्तरे सरासरी शेकडा ४६ निघाली. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी शेकडा ५० अपेक्षित होती.

आकाशाचा पृथ्वीवर परिणाम होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यातील लोणारला अशनीच्या आघाताने सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पडले. ते कोणासही जाऊन पाहता येते, मोजता येते. मद्रासी व वऱ्हाडी माणसाचे माप त्यात निराळे येत नाही. मंगळदोषास हीच कसोटी लावावी. जोवर तो या कसोटीस उतरत नाही, तोवर त्याच्या नावाने कोणाची लेक घरी बसवून ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही.