मोटारसायकलचा मोडलेला स्टड



वर्ध्याहून सेवाग्रामास जाणारा रस्ता जेमतेम आठ किलोमीटरांचा आहे. सकाळ झाली कीं त्या रस्त्यावर मोटारसायकलींची रीघ लागते. कोणी कस्तुरबा रुग्णालयांतील आपल्या आजारी माणसासाठीं डबा घेऊन निघालेला असतो, कोणी दुधाच्या कॅन अडकवून वर्ध्यास चाललेला असतो, कोणी कपाशीच्या शेतावर. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी येथें राहावयास आले, तेव्हां या खेड्याचें नांव शेगांव होतें. १९४० मध्यें तें सेवाग्राम झालें. गांवची मालगुजारी जमनालाल बजाज यांची होती, आणि त्यांच्याच घराण्यानें १९४५ मध्यें काढलेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही पेढी १९६० मध्यें बजाज ऑटो झाली. चरख्याचें गांव आणि दुचाकींचा कारखाना यांचें नातें असें आहे. गांधीजींना यंत्रमात्र वर्ज्य होतें, अशी आपली समजूत असते. परंतु १९२४ मध्यें या विषयावर बोलतांना त्यांनीं सिंगरचें शिवणयंत्र आपल्या टीकेंतून स्पष्टपणें वगळलें होतें. मोटारसायकल त्यांच्या अपवादांत बसली असती कीं नाहीं, हा वाद आज नको. ती एका बोटभर खुंटीपायीं अडून राहिली तर काय करावें, एवढ्यापुरतेंच मी बोलणार आहें.

इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. जळलेला वायु बाहेर नेणारा नळा, ज्याच्या शेवटीं सायलेन्सर असतो, तो या हेडला दोन पोलादी खुंट्यांनीं जोडलेला असतो. अशा दोन्ही टोंकांना आटे पाडलेल्या खुंटीला कारागीर स्टड म्हणतात. एक टोंक हेडच्या ॲल्युमिनियममध्यें घट्ट बसलेलें, दुसऱ्यावर नट. शंभर-सव्वाशें सी. सी.च्या नेहमींच्या गाड्यांत हा स्टड बहुधा सहा मिलिमीटर जाडीचा असतो, थोराड इंजिनांत आठ. किंमत म्हणाल तर किरकोळ. पण तो ज्या हेडमध्यें बसतो, तें हेड बिघडलें तर कित्येक घरांत महिन्याचा हिशेब बिघडतो.

स्टड दुबळा असतो म्हणून मोडत नाहीं. त्याची जागा वाईट असते. इंजिन चालूं असतां कित्येक शें अंशांचा तप्त वायु त्याच्या शेजारून जातो. नळ्याचें तोंड बहुधा पुढच्या चाकाकडे असल्यामुळें पावसाळ्यांत चाकानें उडविलेला चिखल नेमका त्याच जागीं बसतो, आणि वऱ्हाड-वर्ध्याकडील काळी माती तर ओल धरून ठेवणारी. तापणें, भिजणें, निवणें हा क्रम वर्षानुवर्षें चालला कीं नट आणि स्टड गंजून एकजीव होतात. हेडच्या आंत निराळीच क्रिया चालते. पोलाद आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंच्या फटींत ओल शिरली कीं विजेच्या घटांत होतें तसेंच येथें होतें: ॲल्युमिनियम झिजतें, आणि त्याची पांढरी भुकटी मूळ धातूहून अधिक जागा व्यापते. आट्यांत पाचर ठोकावी तसा स्टड जखडला जातो. याशिवाय एक कारण मनुष्यकृत आहे. सायलेन्सरला मागच्या बाजूस सांगाड्याशीं धरणारा बोल्ट हरवला तरी गाडी चालते, म्हणून तो लावण्याचा कंटाळा केला जातो. मग खड्ड्याखड्ड्याला साऱ्या नळ्याचें ओझें या दोन खुंट्यांवर हिसके देतें. एक मोडली कीं दुसरीवर दुप्पट भार येतो, आणि तिचाही काळ फार दूर राहत नाहीं.

सांधा सुटल्याची खूण कान सांगतो. फटफट असा कोरडा आवाज येतो, आणि वेग कमी करण्यासाठीं मूठ सोडली कीं सायलेन्सरांत लहान बार उडतात. कारण फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाऊन न जळलेलें पेट्रोल तेथें पेट घेतें. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या नव्या नियमांच्या गाड्यांत नळ्यावर प्राणवायूचें प्रमाण पाहणारें उपकरण असतें. फटींतल्या हवेमुळें तें फसतें, मिश्रणांत पेट्रोल कमी आहे असा समज करून घेतें, आणि गाडी उगाच जास्त पेट्रोल पिऊं लागते. शिवाय बाहेर पडणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद पडवींत गाडी सुरू ठेवण्याची संवय तर धडक्या गाडीलाही वाईट. सांधा सुटलेल्या गाडीच्या बाबतींत ती सर्वस्वीं टाळावी.

स्टडचा नाश बहुधा रस्त्यावर होत नाहीं, दुरुस्तीच्या ओट्यावर होतो. गंजलेल्या नटाला पाना लावून मनुष्य जोर करतो आणि क्षणांत नटासकट अर्धा स्टड हातांत येतो. हें टाळतां येतें. आदल्या रात्रीं गंज सोडविणारें पातळ तेल नटाच्या मुळाशीं सोडावें, सकाळीं पुन्हां सोडावें. आट्यांवरची माती तारेच्या ब्रशानें झाडावी. मग प्रथम किंचित् घट्ट करण्याच्या दिशेनें, नंतर सोडण्याच्या दिशेनें, असा पाव-पाव फेरा पुढें-मागें करावा. येथें हाताला जें कळतें तें पुस्तकाला सांगतां येत नाहीं. नट सुटत असेल तर पान्याला एक कोरडा झटका जाणवतो. पाना फिरत आहे, पण नट सैल न होतां मऊ, रबरासारखा वाटत आहे, असें झालें तर स्टड पिळला जात आहे, तत्क्षणीं थांबावें. याच गांवांत नई तालीमचे विद्यार्थी कातणें-विणणें हाताळीत हाताळीतच गणित शिकत. पान्याची भाषाही त्याच शाळेंतली आहे.

तेलानें भागलें नाहीं तर उष्णता. समान तापानें ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. सहा मिलिमीटरच्या भोंकांत तापमान दीडशें अंशांनीं वाढविलें तर सुमारें एक शतांश मिलिमीटर मोकळीक मिळते. ऐकावयास क्षुल्लक, पण गंजाची पकड सुटण्यास तेवढीही पुष्कळ वेळां पुरते. मात्र ज्योत स्टडवर नव्हे, त्याच्या भोंवतालच्या हेडवर फिरवावी, आणि एका जागीं थांबवूं नये. लोखंड वितळण्यापूर्वीं लाल होऊन सूचना देतें. ॲल्युमिनियम तशी सूचना देत नाहीं, आणि सुमारें ६६० अंशांवर एकाएकीं ढासळतें. गरम सांध्याला मेणबत्ती टेकविण्याची कारागिरांची जुनी युक्ति चांगली आहे. वितळलेलें मेण आट्यांत शिरतें. हें सर्व करण्यापूर्वीं पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी आणि आदल्या दिवशींचें तेल पुसून काढावें, हें सांगावयास नको, तरी सांगतों.

आतां समजा, मोडलाच. पुढची सारी मदार एका विचारावर आहे: जो उपाय फसला तरी दुसरा उपाय शिल्लक राहतो, तो आधीं करावा. मोडलेलें टोंक बाहेर डोकावत असेल आणि आटे शाबूत असतील, तर त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर आवळावे आणि आंतल्या नटाला पाना लावून स्टड फिरवावा. टोंक फारच थोडें असेल तर त्यावर एक मोठा नट ठेवून मधल्या भोंकांतून वेल्डिंग करावें. पोलादाचें हें वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाहीं, आणि लालबुंद झालेला स्टड निवतांना आकसतो, त्यामुळें गंजाची पकड तुटते. माझ्या मतें हा सर्वांत उत्तम उपाय. पण बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक पेटी आधीं सोडवावी, आणि वेल्डिंगची अर्थ-तार हेडजवळच जोडावी.

टोंक हेडच्या पातळींतच मोडलें असेल तर ड्रिलची पाळी येते, आणि येथें घाई घात करते. पृष्ठभाग कानशीनें सपाट करून पंचानें बरोबर मध्यभागीं खूण करावी. ड्रिल पोलादावरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियमकडे पळतें. म्हणून जाड लोखंडाच्या तुकड्यांत भोंक पाडून तें मार्गदर्शक म्हणून वर बांधावें. प्रथम अडीच-तीन मिलिमीटर, मग वाढवीत जावें, आणि सहा मिलिमीटरच्या स्टडला पांच मिलिमीटरवर थांबावें. मध्य बरोबर साधला असेल तर उरलेले आटे तारेच्या वेटोळ्यासारखे उचकटून निघतात. डावीकडे फिरणारें ड्रिल मिळालें तर सोन्याहून पिवळें, कारण पुष्कळदां स्टड त्याच्याबरोबरच फिरत बाहेर येतो.

दुकानांत इझी-आउट नांवाचें एक हत्यार मिळतें. स्टडच्या भोंकांत घालून उलटें फिरवावयाचें. लहान स्टडला तें लावूं नये, असें मी स्पष्ट सांगेन. निमुळतें असल्यामुळें तें स्टडच्या पातळ भिंती फांकवून त्याला अधिकच घट्ट करतें. आणि स्वतः इतकें कठीण व ठिसूळ असतें कीं आंत मोडलें तर साधें ड्रिल त्याला ओरखडाही काढीत नाहीं. मग विजेच्या ठिणगीनें धातु कोरणारें यंत्र शोधावें लागतें. असें यंत्र साचे बनविणाऱ्या कारखान्यांत असतें, आणि आठ किलोमीटरांवरच्या वर्ध्यांत होणारें काम पाऊणशें किलोमीटरांवरच्या नागपुराकडे बोट दाखवूं लागतें. हेड उतरवावें लागतें तें वेगळेंच.

हेडचे आटे खराब झाले तरी हेड फेंकून देऊं नये. भोंक थोडें मोठें करून, विशेष टॅपनें आटे पाडून, त्यांत हेलिकॉइल म्हणजे पोलादी तारेचें वेटोळें बसवितां येतें. तें मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांहून टिकाऊ असतें.

नवा स्टड हातानेंच बसवावा, आट्यांना उष्णता सोसणारें तांब्याचें वंगण लावून. जुनें पॅकिंग पुन्हां वापरूं नये. सायलेन्सरचा मागचा बोल्ट आधीं सैल अडकवावा, मग पुढचे दोन्ही नट आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे, आणि शेवटीं मागचा पक्का करावा. म्हणजे नळ्याचा ताण स्टडवर राहत नाहीं. सहा मिलिमीटरच्या नटाला दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोंकाशीं दहा किलोइतका जोर साधारणतः पुरे. गाडीच्या पुस्तकांत आकडा दिला असेल तर तोच प्रमाण. मग थंड इंजिनाच्या सांध्याला साबणाचें पाणी लावून गाडी सुरू करावी. बुडबुडे आले तर नट अजून थोडे आवळावयाचे आहेत. नाहीं आले, तर पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण निवूं द्यावें आणि एकदां पुन्हां पाना लावून पाहावा.