तळाला राहिलेल्या पोरांचा हंगाम

मुरगूड म्हटले की माणसांना कुस्ती आठवते. वेदगंगेच्या काठचे हे कागल तालुक्यातले आमचे गाव. इथल्या पोरांच्या अंगाला तालमीची लाल माती लहानपणीच लागते. पण कोल्हापूर शहरातल्या तालमींनी कुस्तीबरोबर आणखी एक वेड जोपासले, ते फुटबॉलचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे तालमींची, पण शाहू स्टेडियमवर त्यांचे संघ उतरतात ते फुटबॉल खेळायला. एस.टी.ने कामाला जाणाऱ्या माणसांबरोबर ते वेड खेड्यापाड्यांतही पोचले. आमच्या गल्लीतली पोरे अनवाणी पायांनी चेंडू मारू लागली, तेव्हा वडीलधारी म्हणाली, "खेळून काय पोट भरतंय व्हय?"

हा प्रश्न खोटा नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात पोराचे एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय, ते आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच २०१७-१८ च्या एका हंगामाची हकिकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात झाला. भारताचा संघ अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही देशांकडून हरला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला. स्पर्धा संपल्यावर ही पोरे पांगली असती. तसे होऊ नये म्हणून फुटबॉल महासंघाने त्यांचा 'इंडियन ॲरोज' हा संघ थेट 'आय-लीग' या राष्ट्रीय साखळीत उतरवला. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. समोर मोहन बागान आणि ईस्ट बंगालसारखे जुने, नावाजलेले क्लब, त्यांच्यात परदेशी खेळाडू. इकडे सारी मिसरूड न फुटलेली पोरे, परदेशी एकही नाही.

२९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर पहिला सामना झाला. समोर चेन्नई सिटी. पोरांनी ३-० असा विजय मिळवला आणि त्यातले दोन गोल आपल्या अनिकेतचे! त्या बातमीने आम्हा मुरगूडकरांना जो आनंद झाला, तो काय सांगावा! पुढे डिसेंबरात दिल्लीच्या डॉ. आंबेडकर स्टेडियमवर याच पोरांनी शिलाँग लाजाँगला ३-० ने हरवले. मणिपूरच्या नोंगडांबा नाओरेमने एकामागून एक गडी चुकवत केलेला गोल देशभर गाजला. बाबासाहेबांचे नाव असलेल्या मैदानावर कष्टकऱ्यांची पोरे अशी खेळली, याचे आम्हांला विशेष अप्रूप वाटले.

कष्टकऱ्यांची म्हणतो ते उगीच नाही. विश्वचषकात या पोरांचा कप्तान असलेला अमरजीत सिंग मणिपूरचा. त्याची आई मासे विकायची, वडील शेतकरी. बंगालच्या जितेंद्र सिंगचे वडील पहारेकरी. बंगळूरच्या संजीव स्टॅलिनचे आईबाप रस्त्याच्या कडेला कपडे विकणारे. म्हणजे ही घरे आपल्यासारखीच.

मग ही पोरे जिंकली का? नाही. अठरा सामन्यांत १५ गुण मिळाले आणि दहा संघांत दहावा क्रमांक आला. विजेतेपद पंजाबच्या मिनर्व्हाने ३५ गुणांसह, अगदी शेवटच्या दिवशी, ८ मार्च २०१८ रोजी मिळवले.

पण वाचकहो, निकाल तक्त्यात मोजावा, तसा माणसांतही मोजावा. त्या तळाच्या संघातले जॅक्सन सिंग, सुरेश वांगजाम, अन्वर अली पुढे भारताच्या मुख्य संघातून खेळले. अनिकेत इंडियन सुपर लीगमध्ये गेला आणि २०२१-२२ ची स्पर्धा जिंकणाऱ्या हैदराबाद संघात होता. इंडियन ॲरोज मात्र २०२२ मध्ये बंद करण्यात आला. संघ गेला, पण त्यात घडलेली पोरे राहिली.

यातून आईबापांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, खेळ आणि शाळा यांची फारकत करू नये. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली, तर मुलाचे राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण यांची सोय होते. मात्र निवड लहान वयातच, चाचण्या घेऊन होते. दहावीनंतर धावाधाव करून उपयोग नाही. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना आधीच भेटावे.

दुसरी गोष्ट जन्मतारखेची. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून असायची, कारण मास्तर अंदाजाने लिहीत. खेळात हे चालत नाही. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी करून वय पडताळतात. जन्माचा खरा दाखला वेळेवर काढावा. खोटे वय लावून मिळालेली जागा एका तपासणीत जाते, आणि पोराच्या नावाला लागलेला डाग मात्र राहतो.

तिसरी गोष्ट मुलींची. चेंडू पायाशी आला की मुलगा-मुलगी तो पाहत नाही. घरातली पोरगी मैदानात जायचे म्हणाली, तर भांडी तिच्या भावाने घासावीत.

प्रत्येक पोर काही अनिकेत होणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण वडीलधाऱ्यांच्या त्या प्रश्नाला आता आमच्याकडे उत्तर आहे. नुसत्या खेळाने पोट भरेलच असे नाही. मात्र हरूनही पुढच्या सामन्याला वेळेवर मैदानात हजर राहणारे पोर आयुष्यात सहसा मागे राहत नाही. तळाला राहूनही त्या पोरांनी अठराच्या अठरा सामने खेळून दाखवले. संध्याकाळी आपले पोर घामाने भिजून घरी आले, तर रागावण्याआधी एवढे आठवावे. आणि जमले तर विचारावे, "आज कसा झाला रं सामना?"